तीच गाणी, नवं कव्हर

मागच्या वेळी जुन्या रॉक बँडवर लिहिताना मी एक वाक्य सहज टाकलं होतं, की 'बेस्ट ऑफ', म्हणजे निवडक गाण्यांचा संग्रह, घ्यायच्या आधी मागची यादी नीट वाचा. त्या एका वाक्यावर इतकी पत्रं आली की या वेळचं अख्खं सदर त्यालाच द्यायचं ठरवलं. राजारामपुरी, शिवाजी पेठ, कसबा बावडा, एक पत्र तर गडहिंग्लजहून आलंय. कोल्हापुरात रॉक कोण ऐकतंय म्हणणाऱ्यांना ही थप्पी दाखवायला पाहिजे. सगळी पत्रं घेता आली नाहीत, सारखे प्रश्न एकत्र केलेत.

प्रश्न: माझं वय ५४. कपाटात क्वीनचे तीन, ईगल्सचे दोन आणि रोलिंग स्टोन्सचे चार असे निवडक गाण्यांचे अल्बम आहेत, काही सीडी, काही कॅसेट. दिवाळीच्या साफसफाईत मिसेसनी सगळं पुसायला काढलं आणि म्हणाली, "अहो, ह्या सगळ्यात तीच तीच गाणी आहेत की, मग नऊ कशाला?" मला काही सांगता आलं नाही. ही जुनी मंडळी एवढे संग्रह का काढतात? (एक वाचक, राजारामपुरी)

उत्तर: वहिनींचा प्रश्न एकदम बरोबर आहे. पण "ही मंडळी काढतात" असं तुम्ही लिहिलंय ना, तिथं थोडं थांबूया. कारण बऱ्याच वेळा ती मंडळी काढतच नाहीत. गाणं ज्यांनी लिहिलं, वाजवलं, घसा फोडून गायलं ते वेगळे, आणि ते ज्या मूळ टेपवर आहे तिच्या हक्काचा मालक वेगळा. आपल्या भाषेत सांगायचं तर राबणारा एक आणि सातबारा दुसऱ्याच्या नावावर. सातबारा ज्याच्याकडं, पीक त्याचं. तो पाहिजे तेव्हा पाहिजे तेवढे संग्रह काढणार, बँडला विचारलंच पाहिजे असं काही नाही.

तुमच्याकडचे स्टोन्सचेच चार घ्या. साठच्या दशकात त्यांचा मॅनेजर होता ॲलन क्लाइन. त्याच्याशी फाटलं, १९७१ साली बँडनं स्वतःचं लेबल, म्हणजे रेकॉर्ड कंपनी, काढलं, पण साठच्या दशकातली गाणी क्लाइनच्या कंपनीकडंच राहिली, ती काही परत मिळाली नाहीत. आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात क्लाइनच्या कंपनीनं 'हॉट रॉक्स' बाजारात आणला, दोन तबकड्या, २१ गाणी. तो अजून विकला जातोय. म्हणजे गंमत नाही बघा, बँड नवीन गाणी घेऊन उभा आहे आणि शेजारच्या दुकानात त्याचीच जुनी गाणी त्याच्याशी स्पर्धा करतायत. पुढं बँडनं सत्तरनंतरच्या गाण्यांचे स्वतःचे संग्रह काढले, क्लाइनच्या बाजूनं साठच्या दशकातले निघत राहिले, आणि तीस वर्षं आपल्यासारखी माणसं दोन्हीकडचे घेत राहिली कारण एकातही सगळं नव्हतं. २००२ साली पहिल्यांदा दोन्ही बाजू एकत्र आल्या आणि 'फॉर्टी लिक्स' निघाला, ३६ जुनी गाणी आणि ४ नवी. त्या संग्रहाबरोबर निघालेल्या दौऱ्यात एप्रिल २००३ मध्ये ते बेंगळुरू आणि मुंबईला येऊन गेले, आपल्याकडनं रात्रीच्या लक्झरीनं मुंबईला गेलेल्यांत मीही होतो, आणि सीटशेजारच्या अनोळखी माणसाच्या वॉकमनमध्येही तोच संग्रह निघाला होता. तेव्हा वहिनींना सांगा, चारातला 'फॉर्टी लिक्स' असेल तर तो राहणार, बाकीचे तीन कुणा होतकरू पोराला द्या.

गन्स एन रोझेसचं तर याहून कडू आहे. १९९३ नंतर नवीन अल्बम नाही, जो येणार येणार म्हणत होते तो लांबतच गेला, शेवटी २००८ ला आला. मधल्या काळात २००४ साली कंपनीनं 'ग्रेटेस्ट हिट्स' काढायचं ठरवलं. बँडचा गायक ॲक्सल रोझ आणि बँड सोडून गेलेले स्लॅश आणि डफ मॅकेगन, ज्यांचं तेव्हा एकमेकांशी पटत नव्हतं, ते या एका गोष्टीवर एक झाले आणि संग्रह थांबवायला कोर्टात गेले. कोर्टानं थांबवलं नाही. संग्रह निघाला आणि धो धो खपला. मला हे वाचून तेव्हाही वाईट वाटलं होतं आणि आजही वाटतं, स्वतःच्या गाण्यांची कुठली यादी लोकांपुढं जावी एवढंही ज्याच्या हातात नाही तो कलाकार कसला मोठा.

दुसरं कारण साधं, खर्चाचं. नवीन अल्बमला स्टुडिओ लागतो, महिने लागतात, आणि तो चालेलच याची खात्री नसते. संग्रहाला यातलं काहीच लागत नाही, गाणी तयार, लोकांच्या तोंडात बसलेली, फक्त कव्हर नवीन. आणि आपल्याकडं दिवाळी अंक जसे ठरल्या वेळेला येतात तसं तिकडं नाताळच्या तोंडावर हे सगळं येतं. बीटल्सचा '१' नोव्हेंबर २०००, पिंक फ्लॉइडचा 'एकोज' नोव्हेंबर २००१, लेड झेपलिनचा 'मदरशिप' नोव्हेंबर २००७, स्टोन्सचा 'गर्र' नोव्हेंबर २०१२. एकमेकांशी संबंध नसलेले चार बँड, महिना मात्र एकच. ज्याला रॉकमधलं काही कळत नाही अशा माणसानं भावाला, बापाला भेट म्हणून काय घ्यायचं, तर हे.

तिसरं म्हणजे आमिष. जुनी १४ गाणी आणि एक किंवा दोन नवीन. ज्याच्याकडं सगळे अल्बम आहेत त्यालाही मग ते एका गाण्यासाठी घ्यावं लागतं. बॉन जोवीनं १९९४ ला 'क्रॉस रोड' काढला त्यात 'ऑल्वेज' हे गाणं नवीन होतं, आणि ते एवढं चाललं की त्या एका गाण्यापायी संग्रह घेतलेली माझ्या ओळखीची पाच-सहा माणसं तरी आहेत. गाणं चांगलं होतं म्हणून तो राग धरत नाही. पण दरवेळी तसं नसतं.

ईगल्सबद्दल एक सांगायचं राहिलं, कारण तिथं खूप जण फसतात. त्यांचा पहिला संग्रह फेब्रुवारी १९७६ चा, १० गाण्यांचा. अमेरिकेत प्लॅटिनमचा शिक्का (दहा लाख प्रती खपल्या की मिळतो तो) त्याच वर्षी सुरू झाला आणि तो मिळालेला हा पहिलाच अल्बम. २०१८ साली तिथं त्याची गणती ३.८ कोटी प्रतींइतकी झाली. एवढा खपलेला संग्रह, म्हणून लोक 'हॉटेल कॅलिफोर्निया'साठी तो घेतात, घरी येऊन बघतात तर ते गाणं त्यात नाहीच. असणार कुठनं, तो अल्बमच डिसेंबर १९७६ ला आला. ते गाणं १९८२ ला निघालेल्या, संग्रहाच्या दुसऱ्या भागात आहे. तुमच्याकडं ईगल्सचे दोन आहेत म्हणताय, तर बहुतेक याच कारणानं दोन झाले असणार. ते दोन्ही ठेवा, त्यांच्यात एकही गाणं दुबार नाही.

क्वीनचं पुढच्या एका उत्तरात येतंय.

प्रश्न: मी शिवाजी विद्यापीठात एमएस्सी करतेय. मोठ्या भावामुळं रॉकची आवड लागली. पिंक फ्लॉइड, बीटल्स, क्रीडन्स यांची सुरुवात कुठून करू? भाऊ म्हणतो, "हिट्स ऐकणं म्हणजे पुस्तक न वाचता गाइड वाचणं." मला फोनवर तर सगळंच मिळतंय, त्यामुळं जास्तच गोंधळ होतोय. (एक वाचक, सायबर चौक)

उत्तर: तुझ्या भावाचं म्हणणं अर्धं खरं आहे, आणि कुठलं अर्धं ते बँडवर ठरतं.

पिंक फ्लॉइडच्या बाबतीत तो बरोबर. तिथं संग्रहाच्या वाटेला जाऊच नकोस. 'डार्क साइड ऑफ द मून' (१९७३) सगळा मिळून ४३ मिनिटांचा आहे, सुरुवात हृदयाच्या ठोक्यांनी होते आणि शेवटही ठोक्यांनीच होतो, मधलं एक गाणं दुसऱ्यात विरघळत जातं. त्यातनं एक गाणं उचलून दुसरीकडं ठेवलं की त्याच्या दोन्ही कडा कापलेल्या दिसतात. तुला घरातलंच उदाहरण देतो. गीतरामायण घे. ५६ गाणी, १९५५ पासून पुणे आकाशवाणीवर दर आठवड्याला एक. सुधीर फडके मूळचे आपल्या कोल्हापूरचे, त्यामुळं इथं तर घराघरात कॅसेट होत्या. त्यातली दहा गाजलेली गाणी वेगळी काढून कुणी दिली तर ऐकायला गोडच लागतील, पण राम कधी वनात गेला आणि सीतेचं काय झालं ते कळणार नाही, पहिल्यांदा ऐकणाऱ्याला तर नाहीच नाही. माझ्या आजीकडं सगळा संच होता आणि ती कधीही मधनं लावू द्यायची नाही, लावायचं तर पहिल्यापासून. फ्लॉइड तसंच ऐक. रात्री, हेडफोन लावून, फोन पालथा ठेवून.

त्या लोकांना स्वतःलाही याची किती चाड होती बघ. त्यांच्या करारात अल्बम फोडून विकायचा नाही असं कलम होतं. इंटरनेटवर गाणी सुटी विकली जायला लागली तेव्हा ते कंपनीविरुद्ध लंडनच्या कोर्टात गेले आणि मार्च २०१० मध्ये निकाल त्यांच्या बाजूनं लागला. नंतर नवीन करार झाला आणि गाणी सुटी मिळायला लागली ती गोष्ट वेगळी. आणखी एक, १९८१ ला त्यांचा एक संग्रह निघाला तेव्हा 'मनी' या गाण्याचे अमेरिकेतले हक्क आधीच्या कंपनीकडं होते आणि ती द्यायला तयार नव्हती. मग बँडचा गिटारवादक डेव्हिड गिलमोरनं ते गाणं नव्यानं वाजवलं, सॅक्सोफोन सोडला तर जवळजवळ सगळी वाद्यं त्यानंच वाजवली. म्हणजे संग्रहात आहे ते 'मनी' मूळचं नाहीच. दोन्ही एकापाठोपाठ ऐकून बघ, कान तयार व्हायला असला अभ्यास लई कामाचा.

आता बीटल्स. इथं मात्र भाऊ चुकतो, त्याला हे वाचून दाखव. इंग्लंडमध्ये त्या काळी पद्धत अशी होती की सिंगल म्हणून, म्हणजे एक-दोन गाण्यांची सुटी तबकडी म्हणून, काढलेलं गाणं बऱ्याचदा अल्बममध्ये घालायचं नाही, लोकांना एकाच गाण्याचे दोनदा पैसे द्यायला लावायचे नाहीत. त्यामुळं 'हे जूड' एवढं मोठं गाणं, पण ते बीटल्सच्या एकाही ब्रिटिश स्टुडिओ अल्बमवर नाही. तू नुसते अल्बम ऐकत बसलीस तर ते तुला भेटणारच नाही. तेव्हा बीटल्सला संग्रह लागतोच. १९७३ चे दोन, कव्हरच्या रंगावरनं त्यांना लाल आणि निळा म्हणतात, १९६२ ते ६६ आणि १९६७ ते ७०. हे दोन का निघाले तेही ऐक. अमेरिकेत कुणीतरी परवानगी न घेता बीटल्सच्या गाण्यांचा 'अल्फा ओमेगा' नावाचा संच काढला आणि टीव्हीवर जाहिरात करून विकायला लागले. त्याला तोड म्हणून अधिकृत संग्रह आले. म्हणजे चोराच्या धाकानं झालेलं काम, पण झालं ते मनापासनं. गाणी काळाच्या क्रमानं लावलीत, पोरांची बडबड गाणी हळूहळू कुठं पोचतात ते कानाला कळत जातं.

फक्त एक राग माझ्या मनात आहे तो लिहूनच टाकतो. लाल संग्रह जेमतेम ६२-६३ मिनिटांचा. १९९३ ला सीडीवर आला तेव्हा तो एका सीडीत आरामात बसला असता, पण दोन सीडी केल्या आणि दोनाचे पैसे घेतले. मी तेव्हा कॉलेजात होतो, मेसचे पैसे वाचवून घेतला होता. २०२३ ला दोन्ही संग्रह वाढवून परत काढले, लाल ३८ गाण्यांचा आणि निळा ३७ चा, तेव्हा कुठं दोन-दोन सीडी भरल्यासारख्या झाल्या.

क्रीडन्ससाठी १९७६ चा 'क्रॉनिकल' बिनधास्त लाव, २० गाणी. तो बँड सिंगलचाच बँड होता, एकट्या १९६९ मध्ये तीन अल्बम काढले, एवढ्या घाईत प्रत्येकात थोडं भरताड येतंच. 'क्रॉनिकल'मध्ये ते गाळलं गेलंय. त्यानंतर वाटलं तर 'कॉस्मोज फॅक्टरी' ऐक.

प्रश्न: क्वीनचं 'ग्रेटेस्ट हिट्स' घेतलं. मित्राकडच्यात 'अंडर प्रेशर' आहे, माझ्यात नाही. मला जुना माल खपवला का? (एक वाचक, कसबा बावडा)

उत्तर: नाही हो, फसवलं नाही कुणी. १९८१ चा हा संग्रह देशागणिक वेगळा निघाला, जिथं जे गाणं गाजलं होतं तिथं ते घातलं. अमेरिकेतल्या आवृत्तीत 'अंडर प्रेशर' होतं, ब्रिटिश आवृत्तीत नव्हतं. ब्रिटनमध्ये ते नंतर १९९१ ला निघालेल्या दुसऱ्या भागात आलं. आणि हा दुसरा भाग ऑक्टोबर १९९१ अखेरचा, क्वीनचा गायक फ्रेडी मर्क्युरी गेला २४ नोव्हेंबरला. महिन्याभरात. ब्रिटनमध्ये पहिल्या भागापेक्षा जास्त खपलेला अल्बम आजवर दुसरा नाही, २०२२ साली त्यानं ७० लाखांचा आकडा ओलांडला. पहिला आणि दुसरा घेतला की क्वीनचं भागलं. तिसऱ्या भागात निम्मं साहित्य सुटं-सुटं, एकट्याची गाणी, दुसऱ्यांबरोबरची गाणी असं आहे, तो मी नाही घेणार. राजारामपुरीच्या वाचकांनाही हेच उत्तर.

प्रश्न: ऑनलाइन स्वस्तात साठ-सत्तरच्या रॉक हिट्सचा तीन सीडींचा सेट मिळाला. नावं सगळी ओरिजनल, पण गाणी ऐकताना आवाज थकल्यासारखा वाटतो. सीडी खराब आहे का? (एक वाचक, गडहिंग्लज)

उत्तर: सीडी चांगली आहे, गाणी नंतरची आहेत. यात मीही पोळलोय म्हणून सविस्तर लिहितो. काही वर्षांपूर्वी एका वेबसाइटवरनं असाच सेट मागवला, ते नाव लिहीत नाही. कव्हरवर बँडचा १९७१ चा फोटो, लांब केस, बेलबॉटम. पहिलं गाणं लागलं आणि गिटारचा पहिला तुकडा बरोबर वाजला, ड्रमचा ठोका मात्र मऊ, उशीवर मारल्यासारखा, आणि गायक ज्या ठिकाणी वर जातो त्या ठिकाणी तो गेलाच नाही, खालनंच वळून आला. मला वाटलं माझा प्लेअर बिघडला. मग खोक्याच्या तळाला, बारकोडच्या खाली, भिंगानं वाचावं लागेल अशा अक्षरात लिहिलेलं सापडलं की गाणी मूळ कलाकारांनी पुन्हा ध्वनिमुद्रित केलेली आहेत. तक्रार केली, तर उत्तर आलं की माहिती दिलेली आहे. दिलेली होती हे खरंच, पण फोटो १९७१ चा का लावला मग, याचं उत्तर काही आलं नाही.

असं का होतं तर परत तो सातबारा. मूळ टेप कंपनीकडं, पण गाण्याची चाल-शब्द लिहिणारा तोच माणूस असेल आणि करारातली मुदत संपली असेल तर तो तेच गाणं नव्यानं गाऊन दुसऱ्याला विकू शकतो. सगळेच वाईट हेतूनं करत नाहीत. डेफ लेपर्डचं त्यांच्या कंपनीशी डिजिटल विक्रीच्या पैशावरनं बिनसलं होतं, म्हणून २०१२ साली त्यांनी आपली दोन गाजलेली गाणी हुबेहूब नव्यानं वाजवून स्वतः बाजारात आणली, आणि लोकांना उघड सांगून आणली. त्याबद्दल माझ्या मनात आदरच आहे. राग आहे तो न सांगता खपवणाऱ्यावर.

ओळखायचं कसं? खोक्यावर गोलात 'पी' असं चिन्ह असतं, त्याच्यापुढचं वर्ष हे ते ध्वनिमुद्रण पहिल्यांदा बाजारात आल्याचं वर्ष. गाणं १९७० चं, आणि गोलातल्या 'पी'पुढं २००५ किंवा असलं काही, शिवाय कधी न ऐकलेली कंपनी, तर सावध व्हा. रिमास्टर केलेल्या, म्हणजे मूळ टेपवरनंच नव्यानं उतरवलेल्या, अल्बमवरही कधी नवीन वर्ष घालतात, म्हणून एवढ्यावरच ठरवू नका, गाण्याची लांबी मूळ अल्बमशी ताडून बघा. आठ-दहा सेकंदाचा फरक सगळ्याच गाण्यांत असेल तर समजा.

आणि स्वस्त संग्रहांचा हा जो पूर आहे त्याला कायद्याचंही एक कारण आहे. ध्वनिमुद्रणाचा हक्क कायमचा नसतो. आपल्याकडं तो ६० वर्षांचा आहे. युरोपात आधी ५० होता, तो २०१३ ला ७० केला, पण १९६२ पर्यंत निघालेली गाणी तोवर सुटून गेली होती, ती तिकडं कुणीही छापायला मोकळा. म्हणून पन्नासच्या दशकातल्या रॉक अँड रोलचे ढिगानं संग्रह दिसतात. हे मात्र नक्कल नसून खरंच मूळ आवाज असू शकतात, त्यांना उगीच नाक मुरडू नका.

प्रश्न: रिमास्टर म्हणजे खरंच काही असतं का? (तीन वाचक)

उत्तर: असतं. मूळ टेपवरनं नव्यानं, जपून उतरवून घेणं, त्यातली खरखर, तोल नीट करणं. लेड झेपलिनचं १९९० चं काम बँडचा गिटारवादक जिमी पेजनं स्वतः बसून करून घेतलं आणि २०१४ पासून सगळे अल्बम परत त्यानंच केले, तिथं फरक कळतो. पण कित्येक ठिकाणी रिमास्टर म्हणजे फक्त आवाज मोठा करणं. हळू जागाही मोठी, मोठी जागाही मोठी, मग वीस मिनिटांत कान दुखायला लागतात. दोन्ही आवृत्त्या बटण फिरवून सारख्या आवाजाला आणा आणि मग ऐका. नवीन चांगली वाटली तरच पैसे घाला.

प्रश्न: एकही 'बेस्ट ऑफ' न काढलेला मोठा बँड आहे का? (एक वाचक, शिवाजी पेठ)

उत्तर: एसी/डीसी. पन्नास वर्षं झाली, सरळ 'ग्रेटेस्ट हिट्स' असा अल्बम त्यांनी काढलेला नाही. सिनेमांसाठी त्यांची जुनी गाणी एकत्र केली तेवढंच, १९८६ ला 'हू मेड हू' (त्यात थोडी नवीनही होती) आणि २०१० ला 'आयर्न मॅन २'. लोकांनी अल्बम अख्खा ऐकावा म्हणून आयट्यून्सवरही (इंटरनेटवरचं गाण्यांचं दुकान, जिथं गाणी सुटी मिळतात) ते २०१२ च्या नोव्हेंबरपर्यंत आले नव्हते. नाद करायचा तर असा.

प्रश्न: वडील गेल्या वर्षी वारले. त्यांच्या कपाटात दोन खोकी कॅसेट निघाल्या, साधारण सत्तर. विकतच्या थोड्या, बाकीच्या ऐंशीच्या दशकात शाहूपुरीतल्या एका दुकानात भरून घेतलेल्या. डीप पर्पल, युराया हीप, सांताना, सगळं मिसळून. वर हातानं नावं लिहिलीत. काहींत गाणं मध्येच तुटून कॅसेट संपते. ही सगळी गाणी आता फोनवर आहेत. आई म्हणते ठेवू नको, बुरशी लागलीय. काय करू? (एक वाचक, मंगळवार पेठ)

उत्तर: टाकू नका. कृपा करून टाकू नका. पत्र वाचून मी सरळ उठून माझं खोकं काढलं.

त्या काळात कॅसेट भरून घेणं काय असायचं ते तुम्हाला सांगतो, कारण तुम्ही तेव्हा लहान असणार. बाहेरच्या एलपी आपल्याला परवडायच्या नाहीत, इथं मिळायच्याही नाहीत. दुकानदाराकडं त्या असायच्या. आपण कोरी कॅसेट घेऊन जायची, साठची म्हणजे एका बाजूला ३० मिनिटं किंवा नव्वदची म्हणजे ४५, आणि वहीच्या पानावर गाण्यांची यादी. मी ज्यांच्याकडं जायचो ते काका यादी हातात घ्यायचे आणि पेन्सिलनं प्रत्येक गाण्यापुढं मिनिटं मांडायचे, मनातल्या मनात बेरीज, मग म्हणायचे, "हे बसत नाही बघ, दोन मिनिटं वर जातंय. हे काढू का ते काढू?" त्याच्यावर आमची दहा मिनिटं जायची. मग दुसरा प्रश्न, "हे संथ आहे, ह्याच्या पाठोपाठ ते जोरातलं लावलं तर दचकशील, मध्ये सांतानाचं घालू काय?" आणि तीन दिवसांनी कॅसेट मिळायची, आतल्या कार्डावर निळ्या बॉलपेननं वळणदार अक्षरात नावं, एका बाजूला ए, दुसऱ्या बाजूला बी. कायद्यानं बघितलं तर ते चुकीचं होतं, डीप पर्पलला त्यातला रुपया गेला नाही, हे मी नाकारत नाही. पण वर ज्या सगळ्या संग्रहांबद्दल लिहिलं त्यातल्या निम्म्यांपेक्षा ह्या कॅसेटवर जास्त विचार झालेला असायचा, कारण कुणाच्या मागं कुणी यायचं हे एक माणूस दुसऱ्या माणसाला विचारून ठरवत होता.

तुमच्याकडं जे आहे तो वडिलांनी केलेला संग्रह आहे. गाणी फोनवर आहेत, तो क्रम फोनवर नाही. ती निवड त्या वर्षी, त्यांच्या त्या वयात त्यांनी केलेली आहे.

आता काम सांगतो. बुरशी आपल्याकडच्या पावसानं येतेच, जुलै-ऑगस्टात बंद कपाट म्हणजे तिला आमंत्रण. कॅसेटच्या खिडकीतनं बघा, टेपच्या गुंडाळीवर पांढरी पूड दिसली तर ती कॅसेट वेगळी काढा आणि चांगल्या डेकमध्ये अजिबात घालू नका, एकीची बुरशी डेकच्या हेडवरनं बाकीच्यांना लागते. ती एखाद्या जाणकाराकडूनच साफ करून घ्या. बाकीच्यांचं असं करा, की आधी पेन्सिल घालून टेप थोडी फिरवून बघा, अडकत नाही ना. मग टेपच्या मागं जी नमद्याची छोटी गादी असते, पत्र्याच्या पट्टीवर चिकटवलेली, ती जागेवर आहे का बघा. जुन्या कॅसेटची ती हमखास सुटते आणि मग आवाज दबका येतो, लोकांना वाटतं टेप गेली. मेलेल्या कॅसेटमधली गादी काढून घालता येते. वरच्या कडेचे दोन प्लास्टिकचे कान तुटलेले नसतील तर आधी ते तोडा, म्हणजे चुकून रेकॉर्डचं बटण दाबलं तरी पुसणार नाही. डेकचं हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलनं, कापसाच्या काडीनं पुसा, दर चार-पाच कॅसेटनंतर परत. चालवायच्या आधी एकदा पूर्ण पुढं आणि पूर्ण मागं पळवा.

डेकमधनं वायर काढून कॉम्प्युटरला जोडा, ऑडॅसिटी नावाचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं. आणि इथं माझं ऐका, गाणी सुटी कापू नका. एक बाजू म्हणजे एक फाइल. दोन गाण्यांच्या मधली शांतता, बटण दाबल्याचा खट् आवाज, सगळं राहू द्या. ज्या ठिकाणी गाणं अर्ध्यात तुटतं तिथं ते तुटू द्या, पुढचा तुकडा दुसरीकडनं आणून जोडू नका. तुमच्या वडिलांनी ते गाणं पन्नास वेळा तसंच ऐकलंय, तिथपर्यंतच.

प्रत्येक कार्डाचा फोटो काढून ठेवा, दोन्ही बाजूंनी. कडेला कुठं पेन्सिलनं मिनिटं मांडलेली दिसतायत का ते नीट बघा. दिसली तर मला एक फोटो पाठवा, अक्षर ओळखीचं निघतंय का बघतो.